सभागृहात आवाज चढतो तेव्हा: नव्या नगरसेवकांसाठी

निवडून आल्यावरचे पहिले काही आठवडे हारतुरे, पेढे आणि फ्लेक्स यांतच निघून जातात. मग एके दिवशी घरी जाड पाकीट येतं. आत सभेची नोटीस, विषयपत्रिका आणि विषयांच्या टिपण्या असतात. खरं काम त्या पाकिटापासून सुरू होतं.

नागपूर महापालिकेत १५१ नगरसेवक बसतात. आधीच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि जानेवारी २०२६ ची निवडणूक होईपर्यंत कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. त्याच काळात, २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे, अंबाझरी तलाव ओसंडला आणि आसपासच्या वस्त्यांमधल्या घरांत पाणी शिरलं. तेव्हा जाब विचारायला सभागृहच नव्हतं. सभागृह असलं काय अन् नसलं काय, असं म्हणणाऱ्यांनी ज्यांच्या फ्रिजमध्ये त्या दिवशी चिखल गेला त्यांना एकदा विचारून यावं.

या खंडाचा आणखी एक तोटा झाला. नवा सदस्य एरवी जुन्याच्या शेजारी बसून शिकतो: कधी उठायचं, कधी गप्प बसायचं, कुणाच्या टोमण्याकडे कानाडोळा करायचा. ती साखळी तुटली. नव्यांपैकी अनेक जण मोर्चे काढून, झोन कार्यालयाला कुलूप ठोकून मोठे झालेत. त्यांना रस्त्याची भाषा उत्तम येते, पण सभागृहाची भाषा वेगळी असते आणि ती कुणी शिकवत नाही.

मी कधी निवडणूक लढवली नाही. वीसेक वर्षं विदर्भातल्या वेगवेगळ्या सभागृहांच्या पत्रकार कक्षात बसून वह्या काळ्या केल्या. तिथून एक गोष्ट पक्की कळली: गोंधळ झाला की ज्याला उत्तर द्यायचं नसतं तो सुटतो. पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. हा संस्कार वर्ग आहे असं वाटत असेल तर इथेच थांबलात तरी चालेल.

आधी बघून या

१९५३ च्या नागपूर करारात ठरलं की विधिमंडळाचं वर्षातून निदान एक अधिवेशन नागपुरात व्हावं. त्यामुळे दर हिवाळ्यात राज्यातले आमदार सिव्हिल लाइन्सला येऊन भांडतात. आपल्याला ही घरपोच शाळाच. प्रेक्षक गॅलरीचा पास मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तर थेट प्रक्षेपण असतंच. प्रश्नोत्तराचा तास आणि लक्षवेधी (तातडीच्या प्रश्नाकडे सरकारचं लक्ष वेधणारी सूचना), एवढंच बघा. गाजलेली भाषणं बघू नका, त्यातून काही शिकायला मिळत नाही. मंत्र्याने गोल उत्तर दिल्यावर सदस्य दुसरा उपप्रश्न कसा विचारतो, ते बघा. तो चिडला की मंत्री हसून खाली बसतो. तो चिडला नाही तर मंत्र्याला पुन्हा उठावं लागतं.

आमच्या पिढीने यात बी. टी. देशमुख सरांचं नाव ऐकलं. अमरावती पदवीधर मतदारसंघाचे विधान परिषदेतले आमदार. विदर्भाच्या अनुशेषावर, म्हणजे विकासातल्या थकलेल्या वाट्यावर, ते बोलायचे ते हातात कागद आणि नियमांचं पुस्तक घेऊन. समोरच्याचं धाबं दणाणायचं ते त्या कागदामुळे.

पाकीट उघडल्यावर

सगळी विषयपत्रिका वाचा, पण बोलायचं दोन किंवा तीन विषयांवरच ठरवा. त्या विषयांच्या जागी स्वतः जाऊन या. फोटो काढा, शेजारच्या माणसाशी बोला. मग तुमचा मुद्दा एका वाक्यात लिहा. तो एका वाक्यात बसत नसेल तर तुम्हाला अजून कळलेला नाही, असं समजा. सभागृहात आवाज चढण्याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे तयारी नसणं. आकडा ठाऊक नसला की माणूस आकड्याच्या जागी विशेषण टाकतो.

महापौरांकडे बघून बोला

हे शिकायला सर्वांत सोपं आणि पाळायला सर्वांत कठीण. सभागृहात तुम्ही नेहमी पीठासनाशी, म्हणजे महापौरांच्या खुर्चीशी, बोलता. समोरच्या बाकावरच्या माणसाशी थेट बोलायचं नाही. "तुम्ही खोटं बोलताय" याच्या जागी "महापौर महोदय, सन्माननीय सदस्यांनी दिलेली माहिती टिपणीशी जुळत नाही." पहिल्या दिवशी हे नाटकी वाटतं. पण यात एक युक्ती आहे. नजर समोरच्यावरून हटली की हातही हटतो. शिवाय "तुम्ही" म्हटलं की तो "तुम्ही" म्हणतो, मग "तू", आणि तिथून बाही वर सारायला वेळ लागत नाही.

आणि आपल्याकडे "बे" आहे. "काय बे, कुठं होता?" हे मित्राला म्हटलं तर प्रेम असतं. शाळेपासूनचे दोन मित्र दोन पक्षांतून निवडून येतात, बाहेर एकमेकांना "बे" शिवाय हाक मारत नाहीत. तेच सभागृहात माइकवर गेलं की दुसऱ्या दिवशी दोघांचे कार्यकर्ते एकमेकांच्या घराखाली उभे असतात. म्हणून मैत्री कितीही जुनी असो, नोटीशीत लिहिलेली वेळ सुरू झाली की "बे" खिशात ठेवायचा. हिंदीत बोलणाऱ्यांसाठीही तोच नियम. "अबे" आणि "चल हट" यांचं इतिवृत्तात, म्हणजे सभेच्या अधिकृत नोंदीत, भाषांतर होत नाही.

महिला सदस्यांबद्दल वेगळं लिहावं लागतं याचंच वाईट वाटतं. २०११ पासून राज्यातल्या स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, तरी "वहिनी, भाऊंना विचारून सांगा" हा टोमणा मी कितीदा ऐकला त्याला हिशेब नाही. बोलणारे त्याला थट्टा म्हणतात. "ताई, बसा ना खाली" हे त्याचंच गोड रूप. त्या निवडून आल्या आहेत, त्यांना "सन्माननीय सदस्या" म्हणा आणि त्यांच्या मुद्द्याचं उत्तर द्या. आणि ज्यांना हे ऐकावं लागतं त्यांना सुचवतो: रागावण्याआधी तो शब्द आणि वेळ वहीत लिहून घ्या. तो कागद नंतर कामाला येतो.

विरोधक हवा असतो

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी समारोपाचं भाषण केलं. त्यात त्यांनी काही सदस्यांचा बंडखोर म्हणून नावानिशी उल्लेख केला आणि त्यांचे आभार मानले. हे बंडखोर नसते तर सभा नुसती मान डोलावणाऱ्यांची झाली असती, असा त्यांचा आशय होता. यांच्या सूचना आपण स्वीकारल्या नाहीत म्हणून त्यांचं मोल कमी होत नाही, असंही ते म्हणाले. त्या नावांत ह. वि. कामत होते आणि आपले डॉ. पंजाबराव देशमुखही होते. दोघेही मध्य प्रांत-वऱ्हाडातून गेलेले, म्हणजे ज्या प्रांताची राजधानी नागपूर होती तिथले. मसुद्यातल्या कलमाकलमावर अडून बसणाऱ्यांचे आभार मसुदा समितीच्या अध्यक्षाने मानावेत, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

याची व्यवहारी नक्कल करता येते. उत्तर देण्याआधी समोरच्याचा मुद्दा त्याला पटेल अशा शब्दांत एकदा सांगा. "सन्माननीय सदस्यांचं म्हणणं असं, की बाजार हलवला तर दोनशे कुटुंबांचा रोज बुडेल. हे खरं आहे. माझी अडचण वेगळी आहे." एवढं म्हटलं की समोरचा बाक अर्धा शांत होतो. त्यांना ओरडायला कारणच उरत नाही.

अधिकाऱ्याला जाब विचारताना

एकच प्रश्न दोन तऱ्हांनी विचारता येतो. पहिली तऱ्हा:

"हे साहेब काय झोपा काढून राहिले का? यांनी पैसे खाल्ले, सगळ्यांना माहीत आहे!"

दुसरी:

"महापौर महोदय, शाळेमागच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता लोकांच्या उंबऱ्यापेक्षा वर गेला आहे. काम करण्याआधी रस्त्याची पातळी कोणत्या तारखेला घेतली, मोजमाप पुस्तिकेत सही कुणाची आहे, आणि पावसाळ्याआधी पाणी काढायची सोय कोण करणार? तिन्ही उत्तरं प्रशासनाने आजच द्यावीत."

पहिल्या प्रश्नाने अधिकाऱ्याला सुटायला दार मिळतं. तो दुखावतो, संघटना निवेदन देते, काम बंदचा इशारा येतो, आणि रस्ता राहतो तसाच वर. दुसऱ्या प्रश्नात त्याला दुखावण्यासारखं काहीच सापडत नाही. घाम मात्र फुटतो. "मोजमाप पुस्तिका" हा शब्द उच्चारताना आवाज चढवायची गरज नसते, हे मी अनुभवाने सांगतो.

जून २०२० मध्ये रेशीमबागच्या सुरेश भट सभागृहात महापालिकेची सभा भरली होती. वैयक्तिक शेरेबाजी झाली आणि तत्कालीन आयुक्त सभेतून उठून गेले. त्यांनी उठून जायला हवं होतं का यावर आजही दोन मतं आहेत. पण त्या सभेत विषय कोणते होते, हे आज नागपुरात किती जणांना सांगता येईल? उठून जाणं तेवढं सगळ्यांना आठवतं.

आता कायद्याचं. आमदाराला सभागृहातल्या बोलण्याबद्दल संविधानाच्या कलम १९४ चं संरक्षण आहे, तिथल्या भाषणासाठी त्याच्यावर न्यायालयात खटला भरता येत नाही. नगरसेवकाला ते कलम लागू नाही. बरेच नवे सदस्य आमदारांचं बघून बोलायला जातात आणि हा फरक त्यांना नोटीस आल्यावर कळतो. "पैसे खाल्ले" हे पुराव्याशिवाय नाव घेऊन म्हटलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली अब्रुनुकसानीची तक्रार होऊ शकते. अधिकाऱ्याच्या अंगावर धावून गेलात तर ज्याला सगळे अजून जुन्या दंड संहितेच्या कलमावरून "३५३" म्हणतात तो, सरकारी कर्मचाऱ्याला कामात रोखण्यासाठी हल्ला केल्याचा गुन्हा लागू शकतो. नव्या संहितेत त्याचा क्रमांक १३२ झाला आहे, एवढाच बदल.

गोंधळात विषय मंजूर

इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण नव्या सदस्याचं सर्वांत मोठं नुकसान इथे होतं.

गावाचं नाव सांगत नाही. सभेपुढे चाळीसेक विषय होते. सातव्या विषयावर, पाण्याच्या टाकीवरून, जुंपली. एक जण समोरच्या बाकाकडे धावला, दुसऱ्याने माइक ओढला, तिघे-चौघे पीठासनापुढच्या मोकळ्या जागेत उतरले आणि त्यातल्या एकाने राजदंड उचलला. त्या कल्लोळात सचिव खाली मान घालून एकेक क्रमांक वाचत होता आणि पुढच्या बाकांवरून "मंजूर, मंजूर" चालू होतं. माझ्या घड्याळात सहा मिनिटं झाली आणि राष्ट्रगीत सुरू झालं. एकतिसावा विषय कचऱ्याच्या ठेक्याला मुदतवाढ देण्याचा होता. त्या ठेक्यावर माहितीच्या अधिकारात दोन महिने खपून ज्याने कागद जमवले होते, तोच सदस्य तेव्हा राजदंड छातीशी धरून उभा होता. फोटो झकास आला. कागदाची पिशवी त्याच्या बाकाखाली तशीच पडून होती.

म्हणून, गोंधळ सुरू झाला की पहिलं काम: आपली जागा सोडू नका. विषयपत्रिका हातात घ्या आणि कान सचिवाकडे ठेवा. तुमच्या विषयाचा क्रमांक आला की उभे राहून फक्त तीन शब्द म्हणा, "विरोध नोंदवा, मतदान." पुन्हा पुन्हा म्हणा, दुसरं काहीही बोलू नका. लांब वाक्य गोंगाटात बुडतं, "मतदान" बुडत नाही.

त्याआधीची तयारी घरी करायची असते. ज्या विषयाला विरोध आहे त्यावर उपसूचना (विषयात बदल सुचवणारी सूचना) लेखी तयार ठेवा, सूचक म्हणजे मांडणारा आणि अनुमोदक म्हणजे पाठिंबा देणारा, या दोघांच्या सह्यांसकट, आणि सभा सुरू होण्यापूर्वीच सचिवांना देऊन पोच घ्या. मग सभागृहात कितीही आरडाओरडा झाला तरी तुमचा विरोध कागदावर आधीच बसलेला असतो. हे कंटाळवाणं काम आहे आणि याचा व्हिडिओ निघत नाही, म्हणून फारसं कुणी करत नाही.

सभात्याग करायचा तर जरूर करा, तो जुना आणि सभ्य मार्ग आहे. पण बाहेर पडण्याआधी कारण एका वाक्यात नोंदवा, आणि पुढच्या विषयाला परत या. दिवसभर बाहेर कँटीनमध्ये बसणं याला सभात्याग म्हणत नाहीत. राजदंडाला हात लावू नका. त्यातून कुणाचा नळ सुरू झाल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

इथे कुणीतरी जांबुवंतराव धोट्यांचं नाव घेणार, हे मला ठाऊक आहे. आपल्याकडे नेहमीच घेतात. १९६४ मध्ये त्यांनी विधानसभेत अध्यक्षांच्या दिशेने पेपरवेट भिरकावला, त्यांचं सदस्यत्व गेलं, आणि पोटनिवडणुकीत लोकांनी त्यांना परत निवडून पाठवलं. म्हणजे लोकांना राग आवडतो, हे खरंच आहे. मी ते नाकारत नाही. फक्त एवढंच विचारतो, की तुम्ही जांबुवंतराव आहात का? त्यांच्यामागे यवतमाळचा शेतकरी उभा होता. पेपरवेट उचलणारे पुढे पुष्कळ झाले, त्यांच्यापैकी किती जणांची नावं तुम्हाला आठवतात?

सत्ताधारी बाकावर बसणाऱ्यांनी हसू नये. गोंधळाचा फायदा घेऊन विषय रेटणं हीही असभ्यताच, ती शांत आवाजात होते इतकंच. आणि शिस्तीचा बडगाही बेतानेच वापरावा लागतो. जुलै २०२१ मध्ये विधानसभेने १२ आमदारांना एका वर्षासाठी निलंबित केलं होतं. २८ जानेवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं, चालू अधिवेशनापलीकडे असं निलंबन टिकत नाही म्हणून. आमदार सभागृहाबाहेर बसला की त्याचा अख्खा मतदारसंघ बाहेर बसतो.

कुणी घाणेरडं बोललं तर

बसा. पाणी प्या. शब्द आणि वेळ लिहा. मग हरकतीचा मुद्दा घ्या आणि म्हणा, "महापौर महोदय, आत्ता माझ्याबद्दल उच्चारलेला शब्द असभ्य आहे, तो इतिवृत्तातून काढावा." तो शब्द स्वतः उच्चारू नका. ही चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. "मला अमुक म्हणाला, अमुक!" असं ओरडला की एकदा झालेली शिवी कामकाजात तीनदा येते, आणि संध्याकाळी मोबाईलवर फिरणाऱ्या व्हिडिओत ती तुमच्याच तोंडून ऐकू येते. शब्द लिहिलेली चिठ्ठी पीठासनाकडे पाठवा.

महापौरांनी तुमच्या विरोधात निर्णय दिला तर तो माना आणि नंतर लेखी हरकत द्या. त्या क्षणी पीठासनाशी वाद घातलात, तर शिवी देणारा बाजूला राहतो आणि तुम्हीच आरोपी होता.

तुमच्याच तोंडून गेलं तर

जाईल. कधीतरी सगळ्यांच्याच तोंडून जातं. तेव्हा त्याच सभेत, शक्यतो पुढच्या दहा मिनिटांत उठा. "मी मघाशी एक शब्द वापरला. तो वापरायला नको होता. मी तो मागे घेतो आणि सन्माननीय सदस्यांची माफी मागतो." बस. "कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर" हे वाक्य जोडू नका, त्या "तर" मध्ये सगळी माफी वाहून जाते. "दिलगिरी" हाही जरा पळपुटा शब्द आहे, वर्तमानपत्रं तो ओळखतात. तुमचे गटनेते बाही ओढून खाली बसवतील, म्हणतील कमीपणा येतो. आजवर मी तरी तसं होताना पाहिलं नाही. पाहिलं ते असं, की पुढच्या सभेत त्या माणसाला समोरचे बाकही शांतपणे ऐकून घेतात.

दाराबाहेर

बाहेर कॅमेरे असतात. आतलं भांडण तिथे पुन्हा सांगायला लावतात, आणि या वेळी महापौरांकडे बघून बोलायची सोय नसते. बाईट द्यायचाच तर फक्त प्रभागाच्या मुद्द्यावर द्या. "ते तुमच्याबद्दल असं म्हणाले" हे ऐकून बोलू नका, आधी इतिवृत्त मागा.

कार्यकर्त्यांना सोबत आणू नका, आणलेच तर तुमच्या हमीवर. १७ जुलै २०२५ ला मुंबईत विधानभवनाच्या लॉबीत दोन आमदारांच्या समर्थकांमध्ये हाणामारी झाली, आणि सगळा महाराष्ट्र आतलं कामकाज सोडून तेच बघत बसला. वाद तुमचा असतो, मार खाणारा पोरगा दुसऱ्याच कुणाचा तरी असतो.

आणि ज्याच्याशी भांडलात त्याच्यासोबत महिन्यातून एकदा तरी तर्री-पोहे खा, तेही उघड्यावर, लोकांना दिसेल असे. "आतून मिळालेले आहेत" असं कुजबुजणारे कुजबुजतील. कुजबुजू द्या. पुढच्या वेळी त्याच्या प्रभागातून तुमच्या प्रभागात येणारी गडर लाइन (सांडपाण्याची नळी) चोक होईल, तेव्हा फोन त्यालाच करावा लागणार आहे.

इतिवृत्त वाचा

हे काम नव्वद टक्के सदस्य करत नाहीत, हा माझा पत्रकार कक्षातला अंदाज. पुढच्या सभेच्या पाकिटात आधीच्या सभेचं इतिवृत्त येतं आणि ते कायम करणं, म्हणजे बरोबर असल्याचं मान्य करणं, हा बहुधा सुरुवातीचाच विषय असतो. सगळे "कायम" म्हणतात आणि पुढे सरकतात. तुम्ही आदल्या रात्री ते वाचा. तुमचा विरोध नोंदला आहे का? तुमची उपसूचना आली आहे का? काढून टाकायला सांगितलेला शब्द गेला आहे का? प्रशासनाने दिलेली तारीख तीच आहे का, की "लवकरच" झाली आहे? चूक सापडली तर पान क्रमांकासकट लिहून काढा, सभा सुरू होताच उभे राहा, आणि "कायम" म्हणायच्या आत हात वर करा.